पाच वर्षांत दोन पदव्या: मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने काय पाहावे?

गेल्या वैशाखात एक जुने स्नेही माझ्याकडे आले. कित्येक वर्षे त्यांचे वास्तव्य बडोद्यास आहे. त्यांची कन्या बारावीची परीक्षा चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली असून तिचा ओढा मानसशास्त्राकडे आहे. त्यांनी पिशवीतून तीन-चार माहितीपत्रके काढून माझ्यापुढे ठेवली. एक अमेरिकेतील विद्यापीठाचे होते, बाकीची आपल्या देशातील. प्रत्येकावर थोड्याफार फरकाने एकच आश्वासन छापलेले होते: बी. ए. आणि एम. ए. या दोन्ही पदव्या एका सलग अभ्यासक्रमात, अवघ्या पाच वर्षांत. "एक वर्ष वाचते, त्या वर्षाचा खर्च वाचतो, आणि मुलगी लौकर आपल्या पायांवर उभी राहते. मग यात खोट ती कोठे आहे?" असा त्यांचा सरळ प्रश्न होता.

मला त्यात खोट दिसली नाही. परंतु हिशेब अपुरा दिसला. वर्ष वाचते ते कशातले, हे त्या पत्रकांत कोठेही स्पष्ट केलेले नव्हते. मानसशास्त्रासारख्या विषयात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. कारण या विषयाचे दोन भाग आहेत. एक भाग पुस्तकातून, व्याख्यानातून आणि प्रयोगशाळेतून शिकता येतो. दुसरा भाग मात्र दुःखी, भ्यालेल्या किंवा गोंधळलेल्या माणसासमोर बसून, अनुभवी गुरूच्या नजरेखालीच शिकावा लागतो. पहिल्या भागातले वर्ष वाचविणे शहाणपणाचे होऊ शकेल. दुसऱ्या भागातले वर्ष वाचविले, तर त्याची किंमत विद्यार्थी देत नाही. ती त्याच्याकडे विश्वासाने येणारा माणूस देतो. या जोड-अभ्यासक्रमांची घडण कशी असते आणि त्यांच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याचा विचार आज आपण करू.

प्रथम अमेरिकेकडे वळू, कारण हा प्रकार तेथे फार प्रचारात आहे. तेथील बी. ए.चा अभ्यासक्रम चार वर्षांचा असतो. अभ्यासाचे माप 'श्रेयांक' या परिमाणात मोजतात. एखाद्या विषयाची व्याख्याने सत्रभर आठवड्यातून तीन तास होत असतील, तर त्या विषयाचे सामान्यतः तीन श्रेयांक धरले जातात. पदवीसाठी साधारणपणे १२० श्रेयांक लागतात. म्हणजे आठ सत्रे आणि प्रत्येक सत्रात १५ श्रेयांक. त्यानंतर मानसशास्त्राची सर्वसाधारण एम. ए. पदवी ३० ते ३६ श्रेयांकांची असते आणि तिला दोन वर्षे लागतात. सरळ वाटेने गेल्यास दोन्ही मिळून सहा वर्षे होतात.

जोड-अभ्यासक्रमात करतात ते एवढेच, की पदवीच्या चौथ्या वर्षी विद्यार्थ्याला एम. ए.चे तीन किंवा चार विषय घेऊ देतात, आणि त्या विषयांचे ९ ते १२ श्रेयांक दोन्ही पदव्यांच्या खात्यात जमा धरतात. आता बेरीज-वजाबाकी करून पाहा. १२० आणि ३६ मिळून १५६ झाले. त्यातले १२ दोन्हीकडे मोजले गेल्यामुळे प्रत्यक्षात १४४ श्रेयांकांचाच अभ्यास करावा लागतो. चौथ्या वर्षाअखेर १२० पुरे झाले की पाचव्या वर्षासाठी २४ उरतात. पदव्युत्तर विद्यार्थ्याला एका सत्रात ९ श्रेयांक म्हणजे पूर्ण काम समजले जाते. दोन सत्रांत १८ झाले. उरलेल्या ६ श्रेयांकांसाठी उन्हाळ्याची सुटी द्यावी लागते, नाहीतर सत्रांतील भार वाढवावा लागतो. यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. सहावे वर्ष हवेत विरून जात नाही. त्याचा काही भाग खरोखरच कमी होतो, काही भाग चौथ्या वर्षात शिरतो, आणि काही भाग सुटीच्या दिवसांत जाऊन बसतो.

जो भाग खरोखरच कमी होतो, तो कमी व्हावा हे योग्यच आहे. पदवीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी विद्यार्थी संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धती शिकतो, एम. ए.च्या पहिल्या सत्रात पुन्हा त्याच विषयांची उजळणी होते. स्मृती, बालविकास, मनोविकृती या विषयांचेही तसेच आहे. निरनिराळ्या महाविद्यालयांतून आलेले विद्यार्थी एका पातळीवर आणण्यासाठी ही उजळणी आवश्यक असते. परंतु ज्याने त्याच विद्यापीठात, त्याच अध्यापकांच्या हाताखाली हे विषय उत्तम रीतीने पुरे केले, त्याला पुन्हा तेच शिकविण्यात कोणाचाच लाभ नाही. शिवाय चौथ्या वर्षी घेतलेल्या पदव्युत्तर विषयांना अनेक ठिकाणी पदवीच्याच दराने शुल्क आकारले जाते, आणि नव्याने प्रवेश मिळविण्याची धावाधाव टळते. हे लाभ खरे आहेत. ते नाकारण्याचे कारण नाही.

मात्र त्यांच्याबरोबर काही अटी येतात. अशा अभ्यासक्रमासाठी अर्ज बहुधा तिसऱ्या वर्षी करावयाचा असतो, आणि तोपर्यंत ४ पैकी ३ ते ३.५ इतकी गुणसरासरी राखलेली असावी लागते. मानसशास्त्राचा परिचय, संख्याशास्त्र व संशोधनपद्धती हे विषय त्यापूर्वीच पुरे व्हावे लागतात. म्हणजे ही वाट आठराव्या-एकोणिसाव्या वर्षीच आपले मन ओळखणाऱ्या विद्यार्थ्याची आहे. जो तिसऱ्या वर्षी अर्थशास्त्राकडून किंवा जीवशास्त्राकडून मानसशास्त्राकडे वळला, त्याच्यासाठी ती बहुधा बंद झालेली असते. दुसरे असे, की दोन्ही खात्यांत मोजले जाणारे श्रेयांक कोठून तरी उसने घ्यावे लागतात. ते घेतले जातात विद्यार्थ्याने आवडीने निवडावयाच्या मोकळ्या विषयांतून. म्हणजे वाङ्मय, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, शरीरशास्त्र यांतून. माणसाचे मन समजून घ्यावयास निघालेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत ही झीज लहान समजू नये.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. पाच वर्षांनी हाती आलेली एम. ए. पदवी काय करावयास मोकळीक देते? येथेच पालकांची समजूत आणि वस्तुस्थिती यांत मोठे अंतर पडते. पदवी ही विद्यापीठ देते; रुग्णावर उपचार करण्याचा परवाना मात्र राज्याचे नियामक मंडळ देते. या दोन गोष्टी एक नव्हेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर रणांगणावरून परतलेल्या हजारो सैनिकांना मानसिक उपचारांची गरज भासली, आणि असे उपचार करणाऱ्यांचे शिक्षण कसे असावे हा प्रश्न अमेरिकेत ऐरणीवर आला. त्यासाठी १९४९ साली कोलोरॅडो राज्यातील बोल्डर या गावी एक परिषद भरली. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ हा एकाच वेळी संशोधक आणि उपचारक असला पाहिजे, आणि त्याचे शिक्षण डॉक्टरेटच्या पातळीवर झाले पाहिजे, असे तेथे ठरले. पुढे संशोधनापेक्षा व्यवसायावर भर देणारी निराळी डॉक्टरेट निघाली. तिचा पहिला अभ्यासक्रम १९६८ साली इलिनॉय विद्यापीठात सुरू झाला, आणि १९७३ च्या व्हेल येथील परिषदेने तिला मान्यता दिली. परंतु पातळी डॉक्टरेटचीच राहिली. आजही तेथील बहुतेक राज्यांत स्वतंत्रपणे 'मानसशास्त्रज्ञ' म्हणून व्यवसाय करण्यासाठी डॉक्टरेट लागते. तिच्यात चार-पाच वर्षांचे अध्ययन, एक वर्षाची पूर्णवेळ उमेदवारी, आणि त्यानंतर परवान्याची परीक्षा यांचा समावेश होतो.

एम. ए.च्या पातळीवर परवाना मिळवून देणारे व्यवसाय आहेत, नाहीत असे नाही. समुपदेशक होता येते. परंतु त्यासाठीचा अभ्यासक्रम सामान्यतः ६० श्रेयांकांचा असतो, आणि पदवी मिळाल्यावरही हजारोंच्या घरात जाणारे तास ज्येष्ठाच्या देखरेखीखाली काम करावे लागते. शालेय मानसशास्त्रज्ञाच्या शिक्षणात १,२०० तासांची उमेदवारी धरलेली आहे. मंदविकसित किंवा स्वमग्न मुलांच्या वर्तनावर काम करणाऱ्या वर्तन-विश्लेषकाला साधारण २,००० तासांचे देखरेखीखालील काम दाखवावे लागते. देखरेख अधिक निकट असेल तर १,५०० तासांचे. छत्तीस श्रेयांकांची सर्वसाधारण एम. ए. घेतलेला तरुण संशोधन-साहाय्यक होऊ शकतो, कारखान्याच्या किंवा पेढीच्या कर्मचारी विभागात काम करू शकतो, सर्वेक्षणे आणि आकडेवारी यांत आपले ज्ञान वापरू शकतो. हे सर्व प्रतिष्ठेचे आणि उपयुक्त काम आहे. परंतु खोलीचे दार लावून एखाद्या पीडित माणसावर उपचार करण्याची मुभा त्याला त्या पदवीने मिळत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फारशी ठाऊक नसते. ज्याला अखेर पीएच. डी.च करावयाची आहे, त्याला अमेरिकेत पुष्कळदा बी. ए. नंतर थेट प्रवेश मिळू शकतो. तेथे शुल्क माफ होते, अध्यापन किंवा संशोधन-साहाय्य करून निर्वाहवेतन मिळते, आणि एम. ए. पदवी वाटेतच पदरात पडते. अशा विद्यार्थ्याने पदरचे पैसे खर्चून पाचव्या वर्षाची एम. ए. घ्यावी की नाही, याचा शांतपणे विचार करावा. ज्याचे गुण किंवा संशोधनाचा अनुभव थेट प्रवेशाला उणा पडतो, त्याला ते वर्ष उपयोगी पडेल. ज्याचे दोन्ही उत्तम आहे, त्याच्या बाबतीत ते वर्ष वाचविण्याऐवजी वाढविल्यासारखे होईल.

युरोपाकडे पाहिले तरी हाच कल दिसतो. १९९९ च्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर तेथील बहुतेक देशांनी पदवी आणि पदव्युत्तर असे दोन टप्पे स्वीकारले. मानसशास्त्रात ते सामान्यतः तीन आणि दोन मिळून पाच वर्षांचे असतात. परंतु मानसशास्त्रज्ञासाठी तेथे जे समाईक युरोपीय प्रमाणपत्र ठरविले आहे, त्यात या पाच वर्षांवर देखरेखीखालील कामाचे एक वर्ष आणखी मागितले आहे. जर्मनीने मानसोपचारकांच्या शिक्षणाची नवी रचना १ सप्टेंबर २०२० पासून अंमलात आणली. तिच्यात पाच वर्षांच्या अध्ययनानंतर शासकीय परीक्षा होऊन व्यवसायाची अनुज्ञा मिळते, आणि विशेषज्ञ होण्याचे शिक्षण त्यानंतर चालू राहते. ब्रिटनमध्ये चार वर्षांत पदव्युत्तर पदवीपर्यंत नेणारे सलग अभ्यासक्रम आहेत. परंतु चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ व्हावयाचे, तर पुढे तीन वर्षांची डॉक्टरेट करावीच लागते, आणि तिच्या प्रवेशासाठी आधी प्रत्यक्ष कामाचा अनुभव पाहिला जातो. देश निराळे, नियम निराळे. तथापि सर्वांनी व्याख्यानांचा भाग आटोपशीर केला आणि उमेदवारीचा भाग मात्र राखून ठेवला.

असे का व्हावे, याचे उत्तर मानसशास्त्रानेच फार पूर्वी देऊन ठेवले आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने स्मृतीवर स्वतःचेच प्रयोग करून १८८५ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. निरर्थक अक्षरांच्या याद्या तो पाठ करी आणि किती आवृत्त्यांनी किती लक्षात राहते हे मोजी. त्याला असे आढळले, की एकाच बैठकीत सलग ६८ आवृत्त्या करून जो परिणाम साधे, तोच परिणाम तीन दिवसांत विभागून केलेल्या ३८ आवृत्त्यांनी साधत असे. अभ्यासात मध्ये काळ जाऊ दिला, तर कमी श्रमात अधिक टिकते, हा नियम पुढे असंख्य प्रयोगांनी दृढ झाला. आपल्या घरांतून मुलांना रोज पाढे म्हणावयास लावणाऱ्या आजोबांना हे शास्त्र माहीत नव्हते, पण अनुभव होता. चार विषय एका सत्रात कोंबून उत्तीर्ण होणे शक्य आहे. परंतु ते ज्ञान पाच वर्षांनी एखाद्या रुग्णासमोर आठवेल की नाही, हा प्रश्न निराळा. अभ्यासक्रम जवळ आणताना विद्यार्थ्याने सुटीतला श्वास घेण्याचा वेळही गमावला, तर मिळविले त्यापेक्षा घालविले अधिक असे होण्याचा संभव असतो.

आता आपल्या देशाकडे येऊ. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीसाठी तीन वर्षांची आणि चार वर्षांची अशा दोन वाटा मोकळ्या केल्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या डिसेंबरात त्यांचा आराखडा जाहीर केला. त्यात तीन वर्षांच्या पदवीला १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६० श्रेयांक ठरविले. तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांची एम. ए., किंवा चार वर्षांच्या पदवीनंतर एक वर्षाची एम. ए., किंवा पाच वर्षांचा सलग अभ्यासक्रम, असे तीन मार्ग धोरणात सांगितले आहेत.

येथे माझ्या स्नेह्यांची मोठी गल्लत झाली होती. अमेरिकेत चार आणि दोन मिळून सहा होतात, म्हणून पाच वर्षांत एक वर्ष वाचते. आपल्याकडे तीन आणि दोन पाचच होतात. चार आणि एकही पाचच. आणि सलग अभ्यासक्रमही पाचच वर्षांचा. तेव्हा भारतातील एखाद्या पाच वर्षांच्या जोड-अभ्यासक्रमात वर्ष वाचते असे कोणी सांगू लागला, तर त्याला बोटांवर मोजून दाखवावयास सांगावे. सलग अभ्यासक्रमाचा आपल्याकडील लाभ निराळा आहे: मध्ये पुन्हा प्रवेशपरीक्षा द्यावी लागत नाही, आणि चांगली संस्था असेल तर पाच वर्षांच्या अध्ययनाला एकसूत्रीपणा येतो.

काळ खरोखरच कमी करण्याची सोय आयोगाने २०२५ च्या विनियमांत निराळ्या रीतीने केली आहे. पहिल्या किंवा दुसऱ्या सत्राअखेर संस्थेची समिती विद्यार्थ्याची पात्रता पाहून त्याला त्वरित पदवीच्या वाटेने जाऊ देऊ शकते. अशा विद्यार्थ्यांची संख्या मंजूर जागांच्या दहा टक्क्यांपर्यंतच असू शकते. दर सत्रात अधिक श्रेयांक घेऊन तीन वर्षांची पदवी एका सत्राने, आणि चार वर्षांची जास्तीत जास्त दोन सत्रांनी लौकर पुरी करता येते. पदवीचे मोल तेच राहते. गुणपत्रकावर मात्र ती कमी अवधीत पुरी केल्याची नोंद असते. ज्याला या वाटेने जायचे नाही, किंवा घरच्या अडचणींमुळे जमत नाही, त्याला अवधी वाढवून घेण्याचीही सोय त्याच विनियमांत आहे, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. मंद गतीने चालणे हा आता दोष गणला जात नाही.

परवान्याच्या बाबतीत आपल्याकडेही पदवी आणि अधिकार यांत भेद आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याने चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ कोणास म्हणावे याची व्याख्या केली आहे. भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेल्या संस्थेची चिकित्सालयीन मानसशास्त्रातील मान्य अर्हता त्यासाठी लागते. दीर्घकाळ रूढ असलेली वाट म्हणजे एम. ए. नंतर दोन वर्षांची पूर्णवेळ एम. फिल. होय. तिच्यात रुग्णालयात देखरेखीखाली काम करणे हाच गाभा होता. आयोगाने २०२२ साली एम. फिल. ही पदवी बंद केली, परंतु पुढे या विषयात मुभा देऊन ती २०२५-२६ च्या प्रवेशापर्यंत वाढविली. त्यानंतरची रचना बदलत आहे आणि नव्या नावांचे अभ्यासक्रम पुढे येत आहेत. म्हणूनच केवळ 'एम. ए., मानसशास्त्र' एवढ्या नावावर कोणी विसंबून राहू नये. त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला, त्या विशिष्ट वर्षासाठी, परिषदेची मान्यता आहे किंवा नाही, हे कागदावर पाहून घ्यावे. आणखी एक सूचना. मानसशास्त्र हा विषय २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याच्या कक्षेत येत असल्यामुळे, २०२५ च्या जुलै-ऑगस्टपासून सुरू होणाऱ्या सत्रापासून तो दूरशिक्षणाने किंवा घरबसल्या संगणकावरून शिकविण्यास आयोगाने मनाई केली आहे. घरी बसून झटपट एम. ए. करून देण्याचे आश्वासन जो देईल, त्याला या मनाईविषयी अवश्य विचारावे.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या समाजाच्या दृष्टीने या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. ती भाषेची. धारवाड भागात डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात बिने यांच्या बुद्धिमापन कसोट्या मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतल्या. ते नुसते भाषांतर नव्हते. पॅरिसच्या किंवा कॅलिफोर्नियाच्या मुलाला ठाऊक असलेल्या वस्तू आपल्या मुलाला ठाऊक नसतात. तेव्हा कोणत्या वयाच्या मुलाला कोणता प्रश्न साधतो, हे येथल्या मुलांवर पडताळून ठरवावे लागले. बिने-कामत कसोटी या नावाने ती पुढे देशभर वापरली गेली. अशा कामाला जो वेळ लागतो, तो कोणत्याही अभ्यासक्रमाच्या जोडणीने कमी होत नाही.

रुग्णाच्या भाषेचेही तसेच आहे. इंग्रजी पुस्तकात चिंतेच्या विकाराची लक्षणे ओळीने दिलेली असतात. परंतु बेळगावची एखादी गृहिणी किंवा इंदूरचा एखादा निवृत्त कारकून ती लक्षणे त्या शब्दांत सांगत नाही. "जीव घाबरा होतो", "छातीत धडधडतं", "कशात मन लागत नाही", "डोक्यात सारखा भुंगा लागलाय" असे तो सांगतो. यातले कोणते वाक्य नुसत्या थकव्याचे, कोणते खोल उदासीनतेचे, आणि कोणत्या वाक्याच्या मागे जिवावर उदार होण्याचा विचार दडलेला आहे, हे ओळखण्यास कान तयार व्हावा लागतो. तो कान ज्येष्ठाच्या शेजारी बसून, शेकडो माणसांचे ऐकून, चुकून आणि सुधारून तयार होतो. बाविसाव्या वर्षी दोन पदव्या हाती असलेल्या हुशार तरुणाकडेही तो बहुधा नसतो. त्यात त्याचा काही अपराध नाही. मात्र तो नाही याची त्याला जाणीव नसेल, तर धोका आहे.

तेव्हा अशा अभ्यासक्रमात नाव घालण्यापूर्वी विद्यार्थ्याने आणि पालकांनी काही गोष्टी लिहून विचाराव्यात आणि उत्तरही लेखी घ्यावे. वाचणारा अवधी नेमका कोणत्या विषयांतून वाचतो? पुनरावृत्तीतून वाचत असेल तर ठीक. प्रात्यक्षिकांतून किंवा प्रबंधातून वाचत असेल तर सावध व्हावे. देखरेखीखालील कामाचे तास किती, ते कोणत्या रुग्णालयात किंवा शाळेत, आणि एका मार्गदर्शकाकडे विद्यार्थी किती? तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षी मन बदलले, प्रकृती बिघडली, पैशाची ओढाताण झाली, तर पूर्ण मानाची पदवी घेऊन बाहेर पडता येते का? पाचव्या वर्षी शिष्यवृत्ती चालू राहते की पदवीबरोबर संपते? आणि अखेरीस, या पदवीनंतर कायद्याने कोणते काम करता येईल आणि कोणते करता येणार नाही? ज्या संस्थेला या प्रश्नांची उत्तरे सहज देता येतात, तिच्यावर विश्वास ठेवण्यास हरकत नाही.

ज्याला विषयाची आवड लवकर उमगली आहे, ज्याचा संख्याशास्त्राचा पाया पक्का आहे, ज्याला संशोधनात किंवा उद्योगक्षेत्रात जावयाचे आहे, त्याला जोड-अभ्यासक्रम निश्चित मानवेल. ज्याला उपचारकच व्हावयाचे आहे, त्यानेही तो अवश्य घ्यावा. पण वाचलेले वर्ष हे लौकर सुटका झाल्याचे वर्ष न समजता, पुढच्या उमेदवारीसाठी शिल्लक टाकलेले वर्ष समजावे. आणि ज्याला आपले मनच अजून कळलेले नाही, त्याने सरळ तीन वर्षांची पदवी घ्यावी, एखादे वर्ष एखाद्या शाळेत किंवा सेवाभावी संस्थेत काम करावे, आणि मग ठरवावे. ते वर्ष वाया गेले असे त्याला पुढे कधी वाटणार नाही.

माझ्या स्नेह्यांना मी हेच सांगितले. ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे पोरीला विचारायला हवं, तिला नक्की काय व्हायचंय ते. आम्ही वर्षं मोजत बसलो, ते विचारायचं राहूनच गेलं." माहितीपत्रके गोळा करून ते उठले. मला वाटते, या बाबतीतला पहिला आणि सर्वांत मोलाचा प्रश्न त्यांना सापडला होता.